पेंढा आतून गरम लागतोय, काय करू?

गोरेगावकर: आरे कॉलनीत मामांचा तबेला आहे, माळ्यावर पेंढा रचला तो दमट होता बहुतेक, आता आत हात घातला तर चहाच्या कपासारखा गरम लागतोय, आंबूस वास पण येतोय. थांबू की काढू?

वसईवाला: आजच काढ भावा!! ओलावा 20 टक्क्यांच्या वर असला की आत बुरशी-जंतू वाढतात, उष्णता कोंडते नि पेंढ्याची गंजी म्हणजे रास आपोआप पेटू शकते. काढताना पाण्याचा पाईप जवळ ठेव.

पनवेलची सून: आमच्याकडे उडवी (पेंढ्याची गोल रास) रचताना पाठ मोडायची, पण हवा खेळायची. बुरशीवाला म्हशींना घालू नका हां.

गोरेगावकर: हाताची कडबाकुट्टी (चारा कापायचं यंत्र) पण गंजलीय, चालवू?

वसईवाला: ग्रीस लाव, पातं घासून घे. बोटं सांभाळ, काकांचं एक पेर गेलंय त्यात.