दे-थोंग-न्यॉंग म्हणजे राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष?

प्रश्न : कोरियन शिकते आहे. बातम्यांमध्ये ट्रम्पना 'दे-थोंग-न्यॉंग' म्हणतात, पण शी जिनपिंगना 'जुसॉक'. मराठीत आपण दोघांनाही राष्ट्राध्यक्षच म्हणतो. मग मोदींना काय म्हणायचं? आणि पदांची ही लांबलचक नावं लक्षात कशी ठेवायची?

उत्तर : मोदी 'छोंग-नी', म्हणजे पंतप्रधान, आणि आपल्या राष्ट्रपती 'दे-थोंग-न्यॉंग'. शब्द बरोबर आहेत, पण वजन उलटं होतं. दक्षिण कोरियात जनता पाच वर्षांसाठी दे-थोंग-न्यॉंग निवडते आणि कारभाराची सूत्रं त्यांच्याच हाती असतात. छोंग-नीची नेमणूक तेच करतात, संसदेची संमती घेऊन. म्हणून मी कोरियाच्या बाबतीत 'राष्ट्राध्यक्ष' लिहितो. 'राष्ट्रपती' म्हटलं की मराठी वाचकाला राष्ट्रपती भवन आठवतं, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारं पद आठवतं, आणि कोरियाचं चित्र चुकतं.

'जुसॉक'चा शब्दशः अर्थ मुख्य आसन. आपलं 'अध्यक्षस्थान' म्हणा ना. चीन आणि व्हिएतनामच्या राष्ट्रप्रमुखांसाठी कोरियन लोक हाच शब्द वापरतात.

पाठ करण्याऐवजी शब्द फोडायला शिका. 'उप', 'महा', 'मंत्री' हे संस्कृत तुकडे जोडून आपण पदनामं घडवतो, तशी त्यांनी चिनी मुळांतून घडवली आहेत. त्यासाठी एक नमुना देतो. ३ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. १४ तारखेला संसदेने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि अधिकार पंतप्रधानांकडे आले. २७ तारखेला पंतप्रधानांवरही महाभियोग! मग अर्थमंत्री छ्वे सांग-मोक यांच्या पदनामाची अशी माळ झाली :

दे-थोंग-न्यॉंग ग्वॉन-हान-दे-हेंग, गुंग-मु-छोंग-नी जिंग-मु-दे-हेंग, बु-छोंग-नी ग्यॉम गिह्वेक-जे-जॉंग-बु जांग-ग्वान.

'ग्वॉन-हान' म्हणजे अधिकार, 'जिंग-मु' म्हणजे कामकाज, 'दे-हेंग' म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. 'ग्यॉम' हे आपल्या 'उपमुख्यमंत्री तथा वित्तमंत्री'मधलं 'तथा'. 'गुंग-मु' म्हणजे राज्यकारभार, 'गिह्वेक-जे-जॉंग' म्हणजे नियोजन आणि वित्त, 'जांग-ग्वान' म्हणजे मंत्री. 'बु' मात्र जपून : सुरुवातीला आला तर 'उप', शेवटी आला तर 'मंत्रालय'. उच्चार एकच, मुळं वेगळी. ही एक माळ नीट उलगडली की निम्म्या बातम्या कळायला लागतात.

उच्चाराबद्दलही सांगतो, कारण इथे मराठी माणसाला घरचा आधार आहे. लिहिताना 'गुक-मु', 'जिक-मु' आणि बोलताना 'गुंग-मु', 'जिंग-मु'. पुढे म आला की क चा ङ होतो. वाक् + मय = वाङ्मय, अगदी तोच नियम! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. 'जांग'चा ज मात्र 'जगन्नाथ'मधला, 'जहाज'मधला नव्हे.

प्रश्न : आभार! 'वाङ्मय' आता विसरणार नाही. समोरासमोर बोलताना 'जांग-ग्वान' एवढंच म्हटलं तर चालतं का? आणि किम जोंग उन यांना काय म्हणतात?

उत्तर : समोर असताना 'जांग-ग्वान-निम' म्हणा. 'निम' म्हणजे आपलं 'साहेब', तो पदाला चिकटतो. बातमीत नाव आधी आणि पद नंतर येतं : 'ई जे-म्यॉंग दे-थोंग-न्यॉंग'.

उत्तर कोरियाचे शब्द वेगळे लिहून ठेवा. तिथे 'जुसॉक' हे किम जोंग उन यांचे आजोबा किम इल-सुंग यांचं पद होतं आणि त्यांच्यानंतर ते कुणालाच दिलं गेलं नाही. किम जोंग उन २०१६ पासून 'गुंग-मु-वी-वॉन-जांग' आहेत, म्हणजे राज्य व्यवहार आयोगाचे अध्यक्ष. बातम्यांत नुसतं 'वी-वॉन-जांग' म्हणतात. तिथल्या मंत्र्याला 'जांग-ग्वान' नाही, 'सांग' म्हणतात. म्हणजे दक्षिणेचे परराष्ट्रमंत्री 'वे-ग्यो-बु जांग-ग्वान' आणि उत्तरेचे 'वे-मु-सांग'.