मदत हवी आहे : डिसोसिएटिव्ह डिसऑर्डरचं निदान झालंय, मान्य कसं करू आणि घरी कसं सांगू?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला आहे, सांभाळून घ्या.

वय ३७. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी घणसोलीला. घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी सायकिअॅट्रिस्ट बाईंनी कागदावर 'डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर, एफ ४४' असं लिहून दिलं, म्हणजे मन मधेच आठवणींपासून, स्वतःपासून तुटण्याचा आजार, आणि एफ ४४ हा त्याचा कोड. तो कागद मी पर्समध्ये घेऊन फिरतेय. नवऱ्याशिवाय कुणाला दाखवलेला नाही.

झालं असं की जूनमधल्या एका सोमवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडली. ऐरोली गेल्याचं आठवतं. त्यानंतरचं एकदम खारघर स्टेशनबाहेरचं आठवतं. सव्वाअकरा वाजलेले, हातात उसाच्या रसाचा रिकामा ग्लास, फोनवर ऑफिसचे सात मिस्ड कॉल. डुलकी लागली असेल म्हणावं, तर झोपेत कुणी जिने उतरून रस विकत घेत नाही. फोनमध्ये वीस रुपये दिल्याची नोंद होती. आणि मला उसाचा रस आवडत नाही, लहानपणापासून.

मग मागच्या गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या. बहिणीला पाठवलेले मेसेज, जे मी लिहिल्याचं मला माहीतच नाही. पोळ्या लाटताना अचानक हे हात माझे नाहीत, काचेपलीकडे दुसरीच कुणी बाई लाटतेय असं वाटणं. हे मला इतक्या वर्षांपासून होतं की सगळ्यांनाच होत असेल असं मी धरून चालले होते. आणि मुलीच्या वहीत, मागच्या पानांवर, स्केचपेनने काढलेली घरं. खाली लहान मुलाच्या वळणाचं अक्षर. मी तिला ओरडले, वही खराब का केलीस म्हणून. ती म्हणाली, "आई, तूच काढलीस ना काल." त्या रात्री मी झोपले नाही.

फिट्स असतील म्हणून आधी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. ईईजी, एमआरआय, थायरॉइड, बी-१२, सगळं ठीक आलं. त्यांनीच पुढे पाठवलं. सायकिअॅट्रिस्टनी तीन वेळा तासतासभर बोलून मग नाव दिलं. त्यांनी सांगितलेलं मला जेवढं कळलं ते असं : लहान वयात जे सोसण्यापलीकडचं असतं आणि ज्यापासून पळूनही जाता येत नाही, ते मन बाजूला काढून ठेवतं. त्या वेळी त्यानेच मूल तगतं. मोठेपणी गरज संपली तरी सवय सुटत नाही, ताण आला की मन पुन्हा तसंच करतं. याच्यावर अशी खास गोळी नाही. झोपेसाठी आणि घाबरेपणासाठी दिली आहे, मुख्य उपचार थेरपीचा आणि तो लांबचा. लहानपणी काय झालं ते इथे लिहिणार नाही. माहेरच्या वाड्यातलं आहे, एवढं पुरे.

आता माझं अडलंय कुठे ते सांगते.

पहिलं म्हणजे माझाच विश्वास बसत नाही. बरं वाटत असलं की वाटतं, मी उगाच मोठं करून सांगितलं, डॉक्टरांना फसवलं. मग वहीतली घरं बघते आणि पोटात गोळा येतो.

दुसरं सासूबाईंचं. त्या वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात त्यांनी रात्र रात्र काढली आहे. पण काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलंय आणि 'बाहेरचं' असेल म्हणून गावी, चिपळूणकडे, एकाला दाखवून आणू असं चाललंय. दुसरीकडे नवऱ्याच्या मावशी हसत म्हणाल्या, "ठाण्यातच राहता, भरती करायला लांब जायला नको." आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मी रोज रिक्षाने त्याच मनोरुग्णालयाच्या भागातून जाते. आता तिकडे बघवत नाही.

तिसरं मुलगी. तिला काय आणि किती सांगायचं?

स्कूटी डॉक्टरांनी सध्या बंद करायला सांगितली आहे, ते मी पाळते. ऑफिसात सांगावं का आणि मेडिक्लेमवाले काय म्हणतील, हेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

प्रतिसाद – नेरुळकर

ताई, २०१९ मध्ये माझ्या हातात असाच कागद आला. 'मी नाटक करतोय' हे पहिलं वर्षभर रोज. माझ्या थेरपिस्ट म्हणाल्या, निदान आजच मान्य करायची सक्ती नाही, घडलं तेवढं तारीख-वेळ घालून लिहित जा. ते केलं. सहा महिन्यांनी वही वाचली तेव्हा वाद घालायला काही उरलं नाही.

त्याच वहीत मी प्रश्नही लिहायला लागलो. 'हे कोणी केलं' असं दरडावून नाही. तुमच्या बाबतीत, 'रस आवडला का?' असं. कधी कधी उत्तर मिळतं. मनाच्या ज्या भागाला रस हवा होता तोही तुमचाच आहे, त्याच्यावर राग धरू नका. मी खूप धरला आणि माझे विसरण्याचे प्रसंग वाढलेच. मात्र जुन्या आठवणी एकट्याने उकरू नका. ते थेरपिस्टसमोर, आणि तेही पाय जमिनीवर टिकायला लागल्यावर.

गाडीत मी स्टेशनांची नावं पुटपुटतो, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. खिशात आवळासुपारी ठेवतो, तुरट चव लगेच जागेवर आणते. उतरायच्या वेळेचा गजर लावतो, शेजारच्याला सांगून ठेवतो. खिडकीजवळ बसत नाही, पळती झाडं बघितली की माझं भान सुटतं.

प्रतिसाद – समुपदेशक_ठाणे

मी या क्षेत्रात काम करते. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहिते.

आधी फिट्स नाहीत हे बघून मग निदान झालं, हा क्रम योग्यच आहे. थेरपी साधारण तीन टप्प्यांत जाते. आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं सावरणं, मग जुन्या आघातावर काम, मग एकसंध जगायला शिकणं. पहिलाच टप्पा अनेकांना खूप वेळ लागतो, म्हणून 'अजून मूळ विषयावर आलोच नाही' असं वाटून सोडू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा आणि आघातावर काम केलंय का तेही. संमोहन करून एका दिवसात सगळं बाहेर काढतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अशाने खोट्या आठवणी तयार होऊ शकतात.

बाधेबद्दल. नवरात्रात देवळात अंगात येणं, जे त्या रीतीचा भाग आहे आणि ज्याचा त्या बाईला त्रास नाही, त्याला वैद्यकशास्त्रही आजार म्हणत नाही. नको असताना होतं, त्रास होतो, कामं अडतात, तेव्हा तो आजार. सासूबाईंना त्यांची श्रद्धा खोटी न ठरवता हा फरक सांगता येईल. कुलदेवतेला नारळ ठेवायचा तर ठेवा. मारहाण, धुरी, उपास, कोंडून ठेवणं यातलं काही असेल तर स्पष्ट नाही म्हणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी उपचार गुन्हा आहेत.

मेडिक्लेम : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण थेरपीच्या फेऱ्या बहुधा ओपीडीत मोडतात आणि पुष्कळ पॉलिसींत ओपीडी नसते, तेव्हा कागद वाचून घ्या. त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. ऑफिसात नाव सांगायची गरज नाही, 'उपचार चालू आहेत, वेळेची सवलत हवी' एवढं पुरतं.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि ज्या इमारतीकडे तुम्हाला बघवत नाही, त्या १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे रोज माणसं नोकरी सांभाळून गोळ्या न्यायला येतात. रात्रीबेरात्री घाबरलात, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद – कळव्याची_आजी

पोरी, मी स्वतः सासू आहे. इंग्रजी नाव सांगू नकोस, आम्हाला त्याचीच भीती वाटते. काम सांग. "आई, मी मधेच हरवते, तेव्हा तुम्ही असं असं करा." काय करायचं ते कळलं की आम्ही देवऋषी शोधत बसत नाही. आणि नातीला सांग, आईला कधी कधी विसरायला होतं, डॉक्टर औषध देतायत, तुझं काही चुकलेलं नाही. हे शेवटचं दोनदा सांग. वही खराब केली म्हणून तू ओरडलीस ना, त्याची माफीही माग.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. माफी त्याच दिवशी मागितली. ती म्हणाली, "घरं छान होती पण, दाराला कडी का नव्हती?" याचं उत्तर मला माहीत आहे. ते थेरपीत सांगेन.

रविवारी सासूबाईंशी बोलले, आजींनी लिहिलं तसंच. मी हरवले की खांद्याला हात लावा आणि नावाने हाक मारा, म्हटलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "नाव कुठलं घेऊ? इथलं की माहेरचं?" लग्नात माझं नाव बदललं होतं. मला उत्तर देता येईना. माहेरचं नाव ऐकल्यावर आत कोण दचकेल, मला खरंच सांगता येत नाही. हे थेरपिस्टना विचारायचं म्हणून वहीत लिहून ठेवलं, पहिली भेट येत्या गुरुवारी आहे. गावी जायचं त्यांनी सध्या काढलेलं नाही.

काल सकाळी ओट्याशी मी लाटणं हातात धरून थांबले होते म्हणे. त्यांनी गॅस बंद केला, खांद्यावर हात ठेवला आणि दोन्ही नावं घेतली, आधी इथलं, मग ते. मी "काय झालं, आई?" म्हणाले. कुठल्या नावाला वळले, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.