मदत हवी आहे: दाढ काढायची, डेंटिस्ट म्हणतात असिट्रॉम पाच दिवस बंद करा. करू का?

सुदामानगर_इंदूर: आईची खालची दाढ शुक्रवारी संध्याकाळी काढायची ठरली आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवून ११ वर्षं झाली. डेंटिस्ट म्हणतात, असिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा. आमचे हृदयरोगतज्ज्ञ परगावी आहेत, फोन लागत नाही. आज रात्रीची गोळी द्यायची की नाही, एवढंच सांगा. घाई आहे.

तुकोगंज: द्या. पण हृदयाच्या झडपांपैकी कोणती, मायट्रल की एओर्टिक? धातूची की जनावराच्या ऊतीची? शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) किती आणि कधीचा? सोबत अ‍ॅस्पिरिन चालू आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पथ्यपाणी: मेथी, पालक, कोथिंबीर पूर्ण बंद करा, आयएनआर आपोआप जागेवर येईल.

तुकोगंज: तसं करू नका. पालेभाजीत रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व असतं; ती बंद करायची नसते, प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवायचं असतं. थंडीत मेथी स्वस्त झाली की रोज होते, आयएनआर उतरतो. उन्हाळ्यात भाजी कमी होते आणि तोच डोस जास्त पडतो. मुळात प्रश्न दाढेचा आहे.

सुदामानगर_इंदूर: मायट्रल, धातूची, दोन पाकळ्यांची. असिट्रॉम २ मिलिग्रॅम, शनिवार-रविवार ३. अ‍ॅस्पिरिन नाही. आयएनआर पाच महिन्यांपूर्वी २.९ होता.

लॅबमधला: पाच महिने! बसलेला डोस असला तरी साधारण चार आठवड्यांनी तपासायचा. उद्या सकाळीच करा, उपाशी राहायची गरज नाही. नळी फिक्या निळ्या झाकणाची असते. तिच्यात ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य), त्यावर २.७ मिली रक्त, खुणेपर्यंत भरलेलं हवं. अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. शीर सापडत नाही म्हणून थोडक्यात भागवायला निघाले तर दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा.

राजवाडा_७: नव्या गोळ्या आल्यात, डॅबिगाट्रान, अपिक्साबान. त्यांना आयएनआर लागतच नाही. त्याच का देत नाही?

तुकोगंज: धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. अपिक्साबानचीही २०२२ मध्ये थांबली. हा सल्ला कृपया इथे देऊ नका, वाचून कुणी गोळी बदलेल.

आता दाढ. एखाद-दुसरा दात काढायला गोळी बंद करत नाहीत. असिट्रॉमचा परिणाम दोन-तीन दिवसांत उतरतो, पुढचे दिवस झडपेला गुठळीपासून संरक्षण उरत नाही. मायट्रलमधून रक्त कमी दाबानं जातं, तिथे गुठळीची भीती एओर्टिकपेक्षा जास्त. आदल्या २४ तासांतला आयएनआर ४ च्या खाली असला की दाढ काढता येते. खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज, वर टाके, मग गॉझ २० मिनिटं दाताखाली घट्ट. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं (रक्तस्राव थांबवणारं औषध) ५०० मिलिग्रॅमचं एक अ‍ॅम्प्यूल पाण्यानं १० मिलीपर्यंत वाढवायचं, दोन मिनिटं तोंडात धरून थुंकायचं, दिवसातून चारदा, दोन दिवस. दाढ काढण्याआधी एक तास, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच (पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा). नंतर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर घेण्याआधी विचारा, त्यानं आयएनआर चढतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको.

आणि शुक्रवार संध्याकाळ सोडा. रात्री रक्त सुरू झालं तर शनिवार-रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळची वेळ घ्या.

झडप_चित्रा: धातूच्या झडपेला एमआरआय चालतो, फक्त झडपेचं कार्ड सोबत न्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची आपली भारतीय झडप १९९० पासून बसवतात, तिलाही चालतो.

सुदामानगर_इंदूर: एमआरआयचं मी विचारलंच नाही! रिपोर्ट आला, आयएनआर १.९. मग दाढ काढायला बरंच ना?

तुकोगंज: दाढेला बरा, झडपेला नाही. मायट्रलला साधारण २.५ ते ३.५ हवा. हा दाढेपेक्षा मोठा प्रश्न आहे, आजच कुणा हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, एमवायला (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) गेलात तरी चालेल. मनानं डबल डोस देऊ नका. झडपेची टिकटिक दबल्यासारखी वाटली, दम लागला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं तर वाट न बघता १०८. गेल्या महिना-दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं? डॉक्टरांनी न दिलेलंही सांगा.

सुदामानगर_इंदूर: काही नाही. एक साधी कॅल्शियमची गोळी, गुडघ्यांसाठी, महिना झाला.

लॅबमधला: पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. के-टू, एमके-सेव्हन किंवा मिनाक्विनोन असं काही?

सुदामानगर_इंदूर: आहे. 'व्हिटॅमिन के-टू-सेव्हन, ९० मायक्रोग्रॅम'. रोज एक चालली आहे.

तुकोगंज: तेच कारण दिसतंय. असिट्रॉम ज्याचं काम अडवते तेच के जीवनसत्त्व रोज पोटात जातंय. पट्टी सोबत न्या, ही बंद करून के नसलेलं कॅल्शियम मिळेल का विचारा. पण बंद केल्यावर आयएनआर वरही चढतो, म्हणून डोस वाढवला तर आठवड्याच्या आत पुन्हा तपासणी. डेंटिस्टना आजच फोन करून शुक्रवार रद्द करा.

सुदामानगर_इंदूर: सोमवारी साडेदहाची वेळ मिळाली. एमवायला निघतोय, पट्टी खिशात आहे. रात्रीची गोळी किती द्यायची ते तिथेच विचारून लिहितो.