सांबरासाठी थ्री नॉट एटची गोळी कोणती घ्यावी? मागच्या वेळी माझी चूक झाली

वाळपईचा_मुलगा:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, गोव्यातल्या शिकारीबद्दल मी विचारत नाहीये, इथं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे आणि बंदच असायला पाहिजे, कोणी तसलं काही विचारायला मेसेज करू नये. मी सहा वर्षं ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात किचनमध्ये कामाला आहे, चतुर्थीला घरी आलोय. तिकडं सांबर बाहेरून आणून सोडलेलं जनावर आहे, १८६० च्या दशकात सोडलं आणि आता डोंगरच्या डोंगर भरलेत. गेम लायसन्स काढलं की दिवसाउजेडी शिकार करता येते. सांबराला निदान ०.२७० इंच कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आणि निदान १३० ग्रेन वजनाची गोळी पाहिजे असा तिथला नियम आहे, म्हणजे नियमात माझी थ्री नॉट एट, ०.३०८ इंची रायफल, बसते, त्यात काही वांधा नाही.

वांधा वेगळाच झाला. जून महिन्यात संध्याकाळी चारच्या सुमाराला नेच्यांच्या रानात साठेक मीटरवर एक मोठा नर समोर आला, आमच्याकडची जुनी माणसं मेरू म्हणतात तो, अंगाला चिखल फासलेला, माझ्याकडे अर्धवट तोंड करून तिरका उभा. मी फऱ्यावर नेम धरला आणि बार काढला. लागल्याचा आवाज स्पष्ट आला, तो गुडघ्यावर आला, उठला आणि खाली घळीत गेला. जागेवर केस आणि हाडाच्या चार चिपा, रक्त अगदी थोडं. तासभर माग काढला, मग अंधार पडला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं तिथं बार काढता येत नाही, परत यावं लागलं. सकाळी मित्राला घेऊन गेलो तर चारशे मीटर खाली ओहोळाच्या कडेला बसलेला, जिवंत. जवळ जाऊन मानेत दुसरी गोळी घातली. रात्रभर तो त्या थंडीत तसाच बसून होता हे अजून डोक्यातून जात नाही.

सोलताना बघितलं, फऱ्यावर बाहेरच्या बाजूला माझ्या तळव्याएवढा खड्डा, मास सगळं काळंनिळं, पण बरगड्यांच्या आत काहीच गेलेलं नाही. फऱ्याच्या हाडाखाली गोळीचं साल मिळालं, पाकळ्या उलट्या वळलेल्या, आतलं शिसं जवळजवळ सगळं उडून गेलेलं. किचनच्या काट्यावर ठेवलं, चार ग्रॅमसुद्धा भरलं नाही. मूळ गोळी १५० ग्रेनची म्हणजे ९.७ ग्रॅमची. प्लास्टिकच्या टोकाची, झटकन फुलणारी, दुकानात हरणासाठी म्हणूनच दिली होती.

आता दुकानदार १५०, १६५, १८० असं सगळं दाखवतो, साधी सॉफ्ट पॉइंट (उघड्या शिशाच्या टोकाची), बॉन्डेड, अख्खी तांब्याची. तांब्याची चांगलीच महाग पडते. पैशाचं मी बघीन, पण असं परत व्हायला नको. चूक माझी की गोळीची, आणि आता घेऊ काय?

सुभेदार_फोंडा:
बाळा, चूक दोघांची, आणि ती कबूल करून विचारतोस हे बरं केलंस. मी शिकारी नाही, आयुष्यात जनावरावर बार काढलेला नाही, पण फौजेत आर्मरर म्हणून हत्यारं सांभाळण्यात नोकरी गेली, तुझ्या थ्री नॉट एटचं सख्खं भावंड ते ७.६२, ते वर्षानुवर्षं हाताखालून गेलंय, तेव्हा गोळीचं काय होतं ते सांगतो.

फौजेची गोळी पूर्ण जॅकेटची असते, शिशाला पुढून सगळं तांब्याचं साल. ती फुलत नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते. जनावर तसंच पळतं आणि कुठंतरी लांब जाऊन मरतं, म्हणून शिकारीला ती कधीच वापरायची नाही, स्वस्त मिळाली तरी. शिकारीच्या गोळीचं टोक उघडं ठेवतात म्हणजे आत गेल्यावर ती पसरते. ही युक्ती आपल्याच देशातल्या कारखान्यात गाजली, कोलकात्याजवळ दमदमला, १८९० च्या दशकात, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तसल्या गोळ्यांवर बंदी आली. माणसावर बंदी, पण जनावराला तीच गोळी हवी कारण ती झटकन मारते.

आता पसरणं म्हणजे काय ते बघ. सध्या वाळपईच्या रस्त्यावर अळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला बसलेल्या बायका दिसतील तुला. चांगली गोळी आत जाऊन त्या अळम्यासारखी फुलते, वर छत्री आणि मागं दांडा शाबूत. तो दांडा वजन देतो, वजन असलं की ती पुढं रेटत जाते आणि फुप्फुसापर्यंत पोचते. तुझ्या गोळीची छत्रीच झाली नाही, ती फुटलीच. साठ मीटरवर गोळी जवळजवळ नळीतून सुटलेल्या वेगातच असते, १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास सुटते, त्यात पातळ साल आणि समोर सांबराच्या फऱ्याचं जाड हाड. जितका वेग जास्त तितकी मऊ गोळी लवकर फुटणार. लोकांना वाटतं वेग म्हणजे ताकद, पण जवळच्या अंतरावर मऊ गोळीचा वेगच तिचा वैरी होतो.

माझं मत १८० ग्रेन बॉन्डेड. बॉन्डेड म्हणजे साल आणि शिसं एकमेकांना जोडलेलं असतं, सुटत नाही. १८० ग्रेन म्हणजे बरोबर आपला जुना एक तोळा, सोनाराकडचा. तोळाभर शिसं सावकाश जातं, सेकंदाला २६०० फुटांच्या जवळपास, पण आत शिरलं की थांबत नाही. रानातल्या साठ-सत्तर मीटरला तुला याहून जास्त काय हवं?

आणि तिरक्या उभ्या जनावराच्या फऱ्यावर बार काढू नकोस. आडवं, म्हणजे पूर्ण कूस तुझ्याकडे करून उभं, होईपर्यंत थांब, पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धर, तिथं फुप्फुस आणि काळीज. आडवं नाही झालं तर जाऊ दे.

म्हापशेकर_टेक्सास:
सुभेदारकाकांचं सगळं पटलं पण वजनावर माझं थोडं वेगळं मत आहे.

मी टेक्सासमध्ये असतो, इथं आपलं चितळ आहे, अ‍ॅक्सिस म्हणतात, १९३२ च्या सुमाराला आणलेलं, खाजगी रानात वर्षभर मारता येतं. आणि दक्षिणेला नीलगायसुद्धा आहे. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, कातडी पातळ, त्याला मी २४३ कॅलिबरच्या रायफलीतून १०० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट घालतो, जागेवर बसतो. तुझ्याकडची ती प्लास्टिकच्या टोकाची गोळी चितळाला आडव्यात लागली असती तर तू आज हा प्रश्न विचारला नसतास. गोळी वाईट नव्हती रे, जनावर चुकलं. दुकानात हरणासाठी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर चितळाएवढं हरीण असतं, सांबर त्याच्या तिप्पट. हे त्या डब्यावर कोणी लिहीत नाही आणि नवीन माणसाला कळत नाही, मला याचा खरंच राग येतो.

सांबराला तू नीलगायच्या हिशोबात धर. अडीचशे किलोचा नर, खांद्यावर जाड कातडी, इथं पहिल्या वर्षी साधी मऊ गोळी घेऊन गेलेली माणसं रिकाम्या हातानं माग काढत फिरतात. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाचं हेच झालं होतं, १९४६ मध्ये कॅनडात मूसवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणावर, चिखल वाळून कातडीला चिकटलेला आणि गोळ्या वरच्यावर फुटत होत्या. तो घरी आला आणि त्यानं आत मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली, पुढचा अर्धा फुलणार, मागचा अर्धा काही झालं तरी शाबूत, तीच पार्टिशन, १९४८ पासून विकायला आली आणि अजून मिळते. तू लिहिलंस ना अंगाला चिखल फासलेला, मला पहिलं हेच आठवलं.

मी स्वतः आता अख्ख्या तांब्याची वापरतो. तिच्यात शिसंच नाही म्हणून फुटायला काही नाही, चार पाकळ्या मागं वळतात आणि वजन शंभरातलं पंचाण्णवच्या वर शिल्लक राहतं. म्हणून हलकी घेतली तरी चालते, १५० किंवा १६५ ची तांब्याची गोळी १८० च्या मऊ गोळीपेक्षा आत जास्त जाते. दोन गोष्टी मात्र बघ. तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, तिला नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, पुरेसा लागतो. दुसरं, वेग फार उतरला की तांबं नीट फुलत नाही, सेकंदाला २००० फुटांच्या वर असताना लागेल एवढंच अंतर ठेव. तुझ्या रानात शंभर मीटरच्या आत हा प्रश्न येतच नाही.

सांगेकार:
मी मध्येच बोलतो, माफ करा. नेत्रावळीच्या बाजूला आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग), तिथं मेरू वर्षात एकदा दिसला तर आम्ही घरातल्या सगळ्यांना हाक मारतो, आणि इथं त्याच्या फऱ्याला काय गोळी लागते यावर चर्चा चाललीय, वाचताना पोटात कसंतरी झालं. मारायचाच कशाला?

वाळपईचा_मुलगा:
सांगेकार दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे, मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. तिथं तो त्या रानाचा नाही, वाघ नाही, बिबट्या नाही, झाडांची रोपं खाऊन आणि साली घासून रान उजाड करतो, म्हणून सरकारनं संख्येची मर्यादासुद्धा ठेवलेली नाही. आम्ही मास सगळं खातो, आई शाकुतीचा मसाला बांधून देते त्यात सहा महिने निघतात. पण मारायची परवानगी आहे म्हणून हाल करायची नाही ना, म्हणूनच हा धागा काढला.

सांगेकार:
पटलं. आमचा बाप पिकाच्या राखणीला एकनळी घेऊन बसायचा, तेव्हा एकदा छर्रे लागलेला रानडुक्कर तीन दिवस कुळागरात पाटाच्या पाण्याजवळ पडून होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर बापानं बंदूक परवान्यापुरती ठेवली, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, बस. तू विचारतोयस ते बरं आहे.

डिचोलीची_माई:
मी एक्सरे काढते, बंदुकीतलं काही कळत नाही, पण मासाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. छर्रे लागलेला माणूस एकदा आमच्याकडे आला होता, फिल्मवर मोठे दाणे तर दिसलेच पण त्यांच्या भोवती बारीक पांढरे ठिपके, सुपातून तांदळाची कणी सांडावी तसे, जखमेपासून बरेच लांबपर्यंत. ते सगळं शिसं. तुझ्या सालाचं वजन चार ग्रॅम म्हणतोस तर उरलेलं पाच-सहा ग्रॅम गेलं कुठं बाबा? त्या फऱ्यातच ना? हाताला लागत नाही, दाताला लागत नाही, खिमा केला की सगळीकडे मिसळतं. २००८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटायला दिलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो टाकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, तिथली मोठी गिधाडं शिकारीनंतर टाकलेली आतडी खाऊन मरत होती म्हणून.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याचीच घे, महाग पडली तरी. शिशाचीच वापरलीस तर जखमेच्या भोवतालचं मास वीतभर तरी कापून टाकून दे, जीव तुटला तरी.

आणि अजून एक, येताना जी बॅग शिकारीला नेतोस तीच विमानात आणलीस का? कप्पे उलटे करून झटक. एक जिवंत काडतूस मोपा विमानतळाच्या मशीनमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली केस होते, मग सुट्टी संपली तरी परत जायचे वांधे.

वाळपईचा_मुलगा:
माई, बॅग वेगळीच आणलीय पण तरी आत्ता उठून जॅकेटचे खिसे बघून आलो. आणि हो, घरी दोन वर्षांची मुलगी आहे. तो फरा आम्ही खिमा करून फ्रीजरमध्ये ठेवलाय, अर्धा संपला. आत्ताच बायकोला फोन करून उरलेला टाकायला सांगितला. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मग तांब्याचीच घेतो, १६५ ची. सुभेदारकाका, तुमचा तोळा मनात बसला होता पण मुलीसाठी हे. आता तुम्हीच सांगा, नळीतला पीळ माझ्या रायफलला पुरेल की नाही हे कसं कळणार? नळीवर काही लिहिलेलं आठवत नाही, जुनी घेतलेली आहे. आणि आधी १५० ला नेम बसवलेला आहे, तो तसाच चालेल का?

सुभेदार_फोंडा:
मुलीसाठी म्हणतोस तर माझा तोळा मी मागे घेतला, तांब्याचीच घे.

नेम तसाच चालणार नाही. गोळी बदलली की मार बदलतो, कधी बोटभर, कधी वीतभर, आणि डावी-उजवीकडेसुद्धा. आधी नळी अगदी स्वच्छ कर, जुन्या गोळ्यांचा थर निघेपर्यंत. मग रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर मीटरवर तीन गोळ्या मार, नळी थंड होऊ दे, परत तीन. तिन्ही तुझ्या तळव्यात बसल्या की मग दुर्बिणीचे क्लिक फिरव, त्याआधी नाही. नंतर टेकवल्याशिवाय, काठीच्या आधारानं उभं राहून मार, कारण रानात तू तसाच उभा असणार, आणि तिथं तळव्याच्या बाहेर जायला लागल्या ते अंतर तुझी हद्द.

पिळाचं सोपं आहे. सर्वात आधी रायफल रिकामी, बोल्ट बाहेर काढलेला, डोळ्यानं नळीतून आरपार बघ. साफ करायचा गज घे, मूठ मोकळी फिरणारी पाहिजे. त्याला घट्ट चिंधी लावून मागच्या बाजूनं नळीत थोडी आत घाल, मुठीजवळ गजावर वरच्या बाजूला पेननं ठिपका कर आणि नळीच्या मागच्या तोंडाशी गजावर एक आडवी रेघ मार. आता हळूहळू आत ढकल, गज पिळाबरोबर फिरत जाईल. ठिपका फिरून परत बरोबर वर आला की थांब आणि तोंडाशी दुसरी रेघ मार. दोन रेघांमधलं अंतर इंचात मोज. दहा आलं तर १६५ बिनघोर घे, बारा आलं तर १५० ची तांब्याची घे, सांबराला तीसुद्धा पुरते. तीनदा मोज. चिंधी घट्ट बसली पाहिजे, सैल असली तर ती पिळावरून घसरते आणि माप खोटं येतं.