फुकटचा कार्यक्रम आणि पुढचे सोफे : तिकीट लावावं का?

मागची रांग (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी आमच्या उपनगरातल्या मैदानावर पुरुलियाचा छाऊ (मुखवटे घालून करायचा बंगाली लोकनाच) आला होता. तीन दिवसांचा लोककला महोत्सव, राज्याराज्यांतली पथकं, प्रवेश विनामूल्य. (मैदान कुठलं, आयोजक कोण हे मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा राजकारणावर जातो.)

वेळ सातची. मी साडेसहालाच जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर रुमाल टाकला. पुढे चार रांगा सोफे, पांढऱ्या कव्हरांचे, पहिल्या रांगेपुढे काचेचे टीपॉय आणि त्यावर पाण्याच्या बाटल्या. साडेसातपर्यंत सोफे रिकामे, मागे लोक उभे. मग सोफ्यावरची माणसं आली. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो, पुढचा. मी मोजले, सव्वीस झाले. त्यावर दोन भाषणं.

या सगळ्या वेळात विंगेच्या फाटक्या कापडातून मला सिंह दिसत होता. महिषासुरमर्दिनीतला सिंह तिकडे दोन माणसं मिळून करतात, एक पुढचे पाय आणि एक मागचे. पुढच्याने मुखवटा काढून मांडीवर घेतला होता आणि मागचा त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होता. दोघंही त्या केसाळ पोशाखात कमरेपर्यंत अडकलेले. दीड तास.

साडेनऊला धामसा (त्यांचा मोठा नगारा) वाजला. दहाला भोंगा बंद करावाच लागतो. महिषासुर अजून उड्या मारत होता, तेवढ्यात निवेदकाने माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. असुर जिवंतच राहिला.

मला सत्कारांपेक्षा स्वतःचा राग आला. उठून ‘बास करा, नाच सुरू करा’ असं म्हणता आलं नाही, कारण पैसे दिलेच नव्हते. फुकटच्या कार्यक्रमात आपण पाहुणे असतो, गिऱ्हाईक नसतो. यजमान वाढेल ते आणि वाढेल तेव्हा खायचं. म्हणून म्हणतो, पन्नास रुपये का होईना, पण तिकीट लावा.

तळ्यातमळ्यात

+१. फुकट म्हटलं की निम्मे लोक कुल्फी खायला येतात. माझ्या शेजारी एक बाई पूर्ण कथकभर व्हिडिओ कॉलवर जाऊबाईंना मंच दाखवत होत्या.

खिडकीजवळची

म्हणजे त्या जाऊबाईंनीही कथक पाहिलं ना? तेवढंच.

आता गंभीरपणे. मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून दर फेब्रुवारीत होतो, साधारण नऊ दिवस, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. माझी आई अंबरनाथला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. तिकीट काढून नाच बघायला जाईन, असं तिच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नसेल. मी कॉलेजात असताना एका रविवारी तिला लोकलने सीएसएमटीला नेलं, तिथून चालत क्रॉस मैदानावर, त्याच महोत्सवाला. भरतनाट्यम होतं. आईने चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या. म्हटलं, अगं देऊळ नाही हे. म्हणाली, ‘तिच्या पायात नाहीत, मग माझ्या कशाला?’

तुमच्या पन्नास रुपयांत चौघांचं घर दोनशेला जातं. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिकिटाची खिडकी. तिच्यापुढे उभं राहिलं की ‘हे आपल्यासाठी आहे का’ हा प्रश्न पडतो. फुकट असलं की माणूस जाता जाता थांबतो. आई तशीच थांबली असती.

आणि सत्कार तिकीट लावून थांबत नाहीत. तिकीट लावलेल्या नाट्यसंमेलनांत होत नाहीत?

मागची रांग

आईंचा किस्सा वाचून गप्प बसलो खरा. पण तो महोत्सव नीट चालतो म्हणून तुम्हाला तो आठवतो. आमच्या मैदानावर तुमची आई आली असती तर सव्वीस शाली बघून परत गेली असती.

ठेका

दोन्ही बाजूंचे लोक खुर्चीतून बोलताहेत. मी मंचावर बसतो, तबला-ढोलकी. पंचवीस वर्षं साथ करतोय, तर तिथून काय दिसतं ते सांगतो.

फोन येतो. ‘दादा, कार्यक्रम मोठा आहे, पाच हजार पब्लिक, फक्त बजेट जरा कमी आहे, कारण प्रवेश मोफत ठेवलाय ना!’ प्रवेश मोफत तुम्ही ठेवला, त्याची तूट माझ्या पाकिटातून का? मंडपवाला नाही म्हणत, ‘मोफत आहे तर बांबू अर्ध्या भावात देतो.’ साउंडवाला नाही म्हणत. जनरेटरवाला तर डिझेलचे पैसे आधी घेतो. अख्ख्या मैदानात फुकट असतो तो फक्त कलावंत. मोठं नाव असेल तर त्याला पैसे मिळतात, आम्हा साथीदारांना ‘एक्सपोजर’. एका आयोजकाने तर मानधन पाच महिन्यांनी दिलं, तेही मी दर सोमवारी फोन केला म्हणून.

आपल्याकडे पूर्वी फुकट ऐकायचं असलं तरी देण्याची रीत ठरलेली असायची. कीर्तनाला तिकीट कधी नव्हतं. पण आरतीचं तबक फिरायचं आणि माझी आजी पदराच्या गाठीतलं नाणं त्यात टाकायची, कितीही कडकी असली तरी. बुवांची बिदागी वेगळी. तमाशात दौलतजादा होता, म्हणजे खेळ चालू असताना प्रेक्षक कलावंताला पैसे द्यायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की समोरच्याचं पोट यावर आहे. आता बॅनरवर ‘विनामूल्य’ छापतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बहुतेक सरकार देत असेल. सरकारला वाटतं, प्रायोजक देत असेल.

तेव्हा तिकीट लावा असंही मी म्हणत नाही. तबक फिरवा. पण माझ्या नावाने फिरवा.

जुन्नरचा

ठेका, हेच लिहायला आलो होतो.

आमच्या भागात यात्रेचा तमाशा बघायला कुणी तिकीट काढत नाही. पण तो फुकट आहे असं गावात म्हणून बघा! घरटी पट्टी (वर्गणी) असते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडमालकांच्या, म्हणजे तमाशा पथकांच्या मालकांच्या, राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी तिथे जातात, फड बघतात, भाव होतो आणि सुपारी ठरते. ते पैसे पट्टीतले. पट्टी भरली नाही त्याचं नाव यात्रा कमिटीच्या हिशेबात निघतं, आणि पुढचं वर्षभर पारावर त्याचा उद्धार होतो.

आता मागची रांग यांचा मुद्दा घ्या. त्यांना ओरडता आलं नाही. आमच्याकडे गण-गवळणीला उशीर झाला की पाठीमागून शिट्ट्या, ‘आवरा की राव!’ आणि पुढाऱ्याने माइक सोडला नाही तर त्याच्या बापाचं नाव घेऊन हाका. कारण पट्टी सगळ्यांनी भरलेली. रात्री खेळ, सकाळी फडाच्या हजेरीचा कार्यक्रम, दुपारी कुस्त्यांचा हगामा. तिन्ही ठिकाणी मालक गाव असतं.

उलट तंबूतला तमाशा तिकिटावर चालतो. पाऊस पडला, मोसम फसला की फडमालक सावकाराच्या दारात. सुपारीचा पैसा निदान ठरलेला असतो.

तेव्हा तिकीट की फुकट हा प्रश्नच चुकलाय. पट्टी कोण भरतं ते विचारा. तुमच्या मैदानावर सोफ्यावरच्यांनी भरली होती (किंवा भरल्यासारखं दाखवलं होतं), म्हणून रात्र त्यांची झाली.

मागची रांग

पण शहरात पट्टी कोण गोळा करणार? माझ्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे निघत नाहीत.

हडसनकाठी

न्यूयॉर्कमध्ये याच विषयावर भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं, म्हणून लिहितो.

जोसेफ पॅप नावाचा गृहस्थ पन्नासच्या दशकात लोकांना शेक्सपिअर फुकट दाखवायचा, आधी ट्रकवरचा फिरता मंच घेऊन वस्त्यांमधून आणि मग सेंट्रल पार्कात. शहराच्या बागांचा कारभारी रॉबर्ट मोझेस, मोठं प्रस्थ. त्याने १९५९ मध्ये अट घातली : तिकीट लाव, नाहीतर परवानगी नाही. कारण काय? प्रेक्षकांच्या पायांनी गवत झिजतं, त्याचा खर्च कोण देणार! पॅप कोर्टात गेला आणि जिंकला. १९६२ मध्ये त्याच पार्कात डेलाकोर्ट नावाचं उघडं नाट्यगृह झालं. सुमारे अठराशे खुर्च्या, आणि उन्हाळ्यातली नाटकं आजही फुकट.

आता दुसरी बाजू. फुकट तिकिटं त्या त्या दिवशी दुपारी वाटतात आणि रांग पहाटे लागते. मी एकदा सकाळी सहाला गेलो होतो. चटई, थर्मास, मुलीचा गृहपाठ, सगळा संसार घेऊन. माझ्या पुढचा पोरगा कोणासाठी तरी पैसे घेऊन उभा होता, ज्याला रात्री नाटक बघायचं होतं पण सकाळी कामावर जायचं होतं. आणि संस्थेला मोठी देणगी दिली तर रांगेत न लागता राखीव खुर्ची मिळते. म्हणजे सोफे तिथेही आहेत, फक्त कव्हर नाही.

पण नाटक ठरल्या वेळेला सुरू होतं. देणगीदारांची नावं छापील कागदावर असतात, मंचावर नाही. मला वाटतं फरक एवढाच आहे.

तळ्यातमळ्यात

गवत झिजतं! आमच्या मैदानावर गवत असतं तर तीही चिंता केली असती.

अंक दुसरा

तिकिटाने शिस्त येते असं म्हणणाऱ्यांसाठी : २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलना वैतागून नाटकात काम करणं थांबवण्याची भाषा केली होती. ते प्रेक्षक चांगले चार-पाचशे रुपये मोजून आले होते. पैसे देणाऱ्याला कधीकधी वाटतं, की फोन उचलायचा हक्कही त्यातच आला.

ब्रह्माघाट

काशीत चार पिढ्या झालेल्या मराठी घरातला मी. संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह इथे कोणी आणलाच नाही? १९२३ पासून, हनुमान जयंतीच्या सुमारास, रात्ररात्रभर. ऐकणाऱ्याला पैसे नाहीत आणि गाणाऱ्यालाही नाहीत. पंडित जसराजांसारखे गायक वर्षानुवर्षं येत, हाजिरी लावायला. २०१५ मध्ये पाकिस्तानातून गुलाम अली आले होते. पहाटे तीनला फरशीवर मांडी घालून बसलेला रिक्षावाला आणि त्याच्या शेजारी प्रोफेसर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाईट तानेला शांतता आणि चांगल्या तानेला ‘हर हर महादेव’. तिकीट काय शिकवणार असं ऐकायला?

ठेका

ब्रह्माघाट, तुमच्या समारोहाला माझा साष्टांग नमस्कार, मनापासून. पण देवापुढे हजेरी लावणं आणि नगरसेवकापुढे हजेरी लावणं यात फरक आहे ना? मोठ्या बुवांना एक रात्र देवाला देणं परवडतं, आणि ते देतात हे थोरच. माझ्यासारख्याला वर्षातल्या चाळीस रात्री ‘समाजाला’ द्यायला सांगतात.

वेंगुर्लेकर

आमच्या दशावतारात नाईट (एका रात्रीचा खेळ) देवस्थान नाहीतर गावातला कोणीतरी ठरवतो, बघायला सगळे. संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे. राजाला रंग चढला की पहाट होते. सत्कार असतोच, पण माणसं तेवढ्यात चहा मारून येतात. खेळातला विनोदी असुर संकासुर मात्र पुढाऱ्यांची टोपी उडवतो आणि पुढाऱ्यांना हसावं लागतं. तुमच्या महोत्सवात एक संकासुर ठेवा, तिकीट नको.

खिडकीजवळची

संकासुराला माझं मत!

मागची रांग, एक विचारू? तुम्ही ओरडला नाहीत ते पैसे दिले नव्हते म्हणून, की शेजारी ओळखीचे बसले होते म्हणून? पालिकेचा कर भरता ना? मग पट्टी भरली आहेच तुम्ही. पॅपचं भांडणही तेच होतं, बाग लोकांची आहे.

मागची रांग

शेजारी सोसायटीचे चेअरमन होते.

ठीक आहे, पन्नास रुपयांचा हट्ट अर्धा सोडतो. पण करातून पट्टी भरली हे मला माहीत नसेल, तर निवेदकालाही माहीत नसणार. तिकिटाचा तुकडा हातात असला तर निदान दाखवता येतो. जुन्नरच्या गावात हिशेब पारावर लागतो, आमच्याकडे तसा लावा. मंडप इतके, जाहिरात इतकी, कलावंतांना इतके. तो फलक मैदानाच्या दारात लागला, तर फुकट ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

ठेका

तसा फलक कोणी लावणार नाही, कारण सांगतो. मंडपवाला माझा शाळेतला मित्र आहे. गेल्या वर्षी एका महोत्सवात आम्ही दोघं होतो, रात्री बारा वाजता वडापाव खाताना हिशेब निघाला. टीपॉयसकट चार रांगा सोफ्यांचं भाडं माझ्या मानधनापेक्षा जास्त होतं. त्याला ते त्याच रात्री रोख मिळाले. वडापावचे पैसेही त्यानेच दिले.

जुन्नरचा

पाडव्याला या नारायणगावला. ढोलकीवाले हवे आहेत एका फडाला, आणि सुपारीतला विसार आधी मिळतो.

ठेका

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.