शब्दचर्चा : तंबोऱ्यावरचं पांढरं काम – जडाव म्हणायचं का?

प्रश्न

घरातल्या जुन्या मिरजी तंबोऱ्याची नीट नोंद करून ठेवायची आहे. तबलीच्या (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीच्या) कडेनं आणि दांडीवर पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांवर काळ्या-लाल रेषांची वेलबुट्टी. भोपळा दांडीला मिळतो तिथे लाकडाची कोरीव पानं. 'हस्तिदंती जडावकाम' असं लिहा, असा सल्ला मिळाला. मला जडाव म्हटलं की कुड्या आणि बाजूबंदच आठवतात. वाद्याला हा शब्द चालतो का?

प्रतिसाद

चालतो की. एका पदार्थात दुसरा बसवला की जडाव. बिदरीच्या सुरईवर चांदी बसवतात तोही जडावच.

प्रतिसाद

बिदरीचं उदाहरण बरोबर आहे, पण तेच इथे लागू होत नाही. बिदरीत आधी धातूत खाच कोरतात आणि चांदीची तार किंवा पत्रा त्या खाचेत ठोकून बसवतात. जडावाला खोबण हवी. तंबोऱ्याच्या दांडीवरची पट्टी बहुधा वरून चिकटवलेली असते. पट्टीवरची वेलबुट्टी तर आणखीच वेगळी. ती टोकदार हत्यारानं कोरायची, रेघांत रंगीत लाख भरायची आणि वरची जादा लाख घासून काढायची. म्हणजे रेघेत रंग राहतो, बाकी पृष्ठभाग पांढरा. याला मी 'कोरून लाख भरलेली नक्षी' असंच लिहीन. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला काम कसं झालंय ते कळतं. रंगीत रेषा दिसल्या की 'मीनाकारी' म्हणायचीही खोड आहे. मीना म्हणजे धातूवर भट्टीत वितळवलेली काच. लाकडी तंबोरा भट्टीत घातला तर उरेल काय?

हीच रीत तंजावरच्या वीणेवरही दिसते. पांढऱ्या पट्ट्यांवर कोरलेली नक्षी आणि टोकाला याळीचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, तोंड.

खरा जडाव कुठे पाहायचा, तर जुना इटालियन व्हायोलिनकार स्त्रादिव्हारी याच्या मोजक्या सजवलेल्या व्हायोलिनांवर. १७०९ सालचं 'ग्रेफ्यूल' वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या कडेला दोन काळ्या रेघांच्या मध्ये हस्तिदंताचे बारीक ठिपके आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे एकाआड एक बसवले आहेत, तेही लाकडात खोबण पाडून. साध्या व्हायोलिनच्या कडेची काळी-पांढरी-काळी रेघही बहुतेक वेळा रंगवलेली नसते, खोबणीत बसवलेली लाकडी पट्टी असते. ती कडेला पडलेली चीर आत जाऊ देत नाही, म्हणजे नुसती शोभा नव्हे.

प्रतिसाद

मग पानांना काय म्हणाल? मिरजेत त्यांना सरळ 'पानं'च म्हणताना ऐकलंय. ती भोपळ्यावर बसतात आणि सांधा झाकला जातो. त्यांनाही 'जडवलेली' म्हणू नये, 'लावलेली' म्हणावं. मिरजेतले वाद्यकार मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी आणि धार देणारे. फरीदसाहेब सितारमेकरांपासून ही परंपरा सांगतात. त्यांच्या तोंडचे शब्द साधेच आहेत, 'जडाव' वगैरे भारदस्तपणा विकणाऱ्यांनी आणला असावा.

प्रतिसाद

'हस्तिदंती' या शब्दाबद्दलही सावध राहा, ताई. मराठीत तो रंगासाठीही वापरतात (हस्तिदंती रंगाची साडी), त्यामुळे पांढरं दिसलं की तो चिकटतो. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत असतो, हाड असतं, सांबरशिंग असतं, आणि विसाव्या शतकातल्या बऱ्याच वाद्यांवर सेल्युलॉइड (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) असतं. भिंगातून पाहा. हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, पण पातळ पट्टीवर ती सापडेलच असं नाही. सेल्युलॉइड फडक्यानं चोळलं की कापराचा वास येऊ शकतो, कारण ते बनवताना कापूर वापरतात. गरम सुई टोचून पाहायचा उपाय कुणी सुचवला तर करू नका. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं.

हे शब्दांचे चोचले नाहीत. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. उद्या वाद्य विकायचं झालं आणि खात्री न करता 'हस्तिदंत' लिहून ठेवलेलं असलं, तर निष्कारण अडचण. आणि खरंच हस्तिदंत असला, तर विकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावीच लागेल.

प्रश्नकर्ती

भिंगातून पाहिलं, ठिपके आहेत. एका जागी पट्टी सुटून वर आली आहे, खाली लाकूड सपाट आहे, खोबण नाही. नोंदीत असं लिहिते : 'तबलीच्या कडेला व दांडीवर पांढऱ्या पट्ट्या (बहुधा हाडाच्या), चिकटवलेल्या, त्यांवर कोरून काळी व लाल लाख भरलेली वेलबुट्टी. गळ्याशी कोरीव लाकडी पानं लावलेली.'

प्रतिसाद

उत्तम. फक्त सुटलेली पट्टी घरच्या फेव्हिकॉलनं चिकटवू नका. जुन्या वाद्यांना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) लावलेला असतो, तो गरम पाण्यानं सुटतो, त्यामुळे पुढच्या कारागिराला पट्टी न मोडता काढता येते.