मदत हवी आहे: साईटचं शेड्यूल करायला कसं शिकू? रविवारपर्यंत द्यायचंय

साईटवाला_देवगड
नमस्कार मंडळी. डिप्लोमा सिव्हिल झालाय, दोन वर्षं साईटवर सुपरवायझर आहे. मालकांनी लेखी शेड्यूल मागितलंय, एक्सेलमध्ये बार चार्ट केला, 31 कामं टाकली, पण पहिल्याच महिन्यात 12 दिवस मागे पडलो, परत केला तोही चुकला. क्रिटिकल पाथची, म्हणजे घर कधी होणार ते ठरवणाऱ्या कामांच्या साखळीची, गणितं पेपरात सुटायची, साईटवर कुठून हात घालायचा तेच कळत नाही. फ्लोट म्हणजे नक्की काय तेही कोणीतरी सरळ सांगा. कोर्स करू की पुस्तक आणू? प्लीज लवकर सांगा.

प्लॅनर_पनवेल
भावा एक्सेल सोड, प्रायमाव्हेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर शीक, मोठ्या कंपनीत तेच विचारतात. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या परीक्षेला डिप्लोमावाल्यांना 60 महिन्यांचा अनुभव लागतो, तुझे झालेत 24, म्हणून आत्ता त्याच्या खालची सीएपीएम दे, त्याला 23 तासांचा कोर्स पुरतो.

खाडीपलीकडची
अहो त्याला रविवारपर्यंत द्यायचंय आणि तुम्ही परीक्षा कसल्या सांगताय. दादा, काम कसलं आहे? किती मजले?

साईटवाला_देवगड
घर आहे. तळमजला आणि वर एक.

खाडीपलीकडची
असं एकेक नका सांगू. आज काम कुठे आलंय, भिंती कसल्या, सेंटरिंगचे (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे) सेट किती, गवंडी कुठले, घर कधी हवंय, सगळं लिहा.

साईटवाला_देवगड
सॉरी, साईटवरून टाईप करतोय. आज 20 फेब्रुवारी, प्लिंथ (जोतं) झाली, कॉलम परवा चालू. आरसीसी फ्रेम, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. मालक मुंबईला असतात, गणपतीला घरात यायचं म्हणतात. सेंटरिंगवाल्याकडे एकच सेट आहे. गवंडी अर्धे गावातले, अर्धे विजापूरकडचे.

मालवणी_गवंडी
अरे बाबा, शिमग्यात गावातले गवंडी पालखी सोडून कामार येतले काय? ते दिस आदीच कापून ठेव. आणि चिरे एप्रिलातच साईटवर उतरवून घे, पावसात खाणीत पाणी भारला की चिरो गावचो नाय.

प्लॅनर_पनवेल
यासाठीच पर्ट वापरायचं. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घे. समज चिऱ्याचं बांधकाम लवकरात लवकर 8 दिवस, बहुतेक वेळा 10, वाईटात वाईट 24, तर 8 अधिक 10 ची चारपट 40 अधिक 24, सगळ्याला भागिले 6, म्हणजे 12 दिवस धर.

खाडीपलीकडची
पण तो 24 आणि 8 आणायचा कुठून? मी राजापूरला तीन घरांचं बघितलं, सूत्राने काही झालं नाही, वहीने झालं. रोज संध्याकाळी साडेपाचला भिंतीजवळ उभं राहून चिरे मोजायचे, किती गवंडी, किती बिगारी, आज किती चिरे लागले, पाणी आलं नाही तर तेही लिहायचं. पंधरा दिवसांत आपल्या माणसांचा खरा वेग समजतो, तोच चार्टात टाकायचा. सूत्र नंतर.

प्लॅनर_पनवेल
वही ठीक आहे ताई पण मोठ्या प्रोजेक्टला वही पुरत नाही.

खाडीपलीकडची
त्याचं मोठं प्रोजेक्ट नाहीये!

चाकरमानी_डोंबिवली
लांज्याकडे चांगला चिरा कुठे मिळेल? कंपाउंडला हवाय. धाग्याशी संबंध नाही, पण इथे जाणकार दिसतात.

जांभाकाका
सरकारी बांधकामात 30 वर्षं काढली, म्हणून लिहितो. साईटवाल्या, तू कामं लिहिलीस पण थांबणं लिहिलं नाहीस, तुझा चार्ट तिथेच फसतो. स्लॅब ओतला की तुझ्या चार्टात काम संपलं, पण टेकू निघत नाहीत तोवर सेंटरिंगचा सेट अडकलेला, आणि सेट एकच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14, बीमचे सहा मीटरपर्यंत 14 नि पुढे 21. हे साध्या सिमेंटला, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरत असशील तर आणखी थोडे धर. वरचे कॉलम चालू करशील, पण वरच्या स्लॅबचं सेंटरिंग खालचा सेट मोकळा झाल्याशिवाय लागणार नाही. ही ओढ कागदावर येत नाही तोवर क्रिटिकल पाथ खोटाच निघणार.

आता हिशोब कर. कॉलम 6 दिवस, सेंटरिंग आणि लोखंड 11, म्हणजे पहिला स्लॅब 10 मार्चच्या आसपास. बीमचे 14 दिवस धरून टेकू 24 मार्चला. मग वरचं सेंटरिंग, दुसरा स्लॅब 5-6 एप्रिल, शिमगा धरून 15 एप्रिल. त्याचे टेकू एप्रिलअखेर. बाहेरचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग 7 जूनच्या आत, म्हणजे मे महिना सगळा त्यातच. उलटं मोज, मृगापासून मागे.

फ्लोट म्हणजे काम उशिरा सुरू केलं तरी पुढचं अडत नाही तेवढे दिवस. खिडक्यांचे ग्रिल 1 एप्रिलला ऑर्डर करता येतात, 10 मेला बसवायचेत, बनवायला 10 दिवस. म्हणजे 30 एप्रिलपर्यंत ऑर्डर दिली तरी चालेल, फ्लोट 29 दिवस. स्लॅबच्या साखळीत फ्लोट शून्य, तिथे एक दिवस गेला की घर एक दिवस मागे.

कोकणरेल्वेप्रेमी
काकांनी छान सांगितलं. कोकण रेल्वेचंही असंच झालं होतं, 91 बोगदे, बाकी मार्ग तयार होत आला पण पेडण्याचा बोगदा मऊ मातीत, तो होईपर्यंत पूर्ण मार्गावर गाडी सुटली नाही, शेवटी 26 जानेवारी 1998 उजाडलं. तोच क्रिटिकल पाथ. मात्र आमच्या गावाला अजून गाडी थांबत नाही.

मालवणी_गवंडी
टेकू सात दिसांनी काढलेले मी शंभर घरांत बघितलंय, काय झालेला नाय.

जांभाकाका
झालं नाही म्हणून काढायचे असं होत नाही. बीम खाली वाकतो तो त्या दिवशी दिसत नाही, पाच वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यात तडा जातो तेव्हा दिसतो.

साईटवाला_देवगड
काका, ताई, मनापासून आभार. रात्री दोन वाजेपर्यंत बसून मृगापासून मागे मोजलं. 31 ची 44 कामं झाली, वाढलेली बहुतेक थांबण्याची. आज मालकांना फोनवर सगळं सांगितलं, स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर पावसाआधी होईल, पण आतला रंग दिवाळीनंतर, ओल्या भिंतीवर पापुद्रे निघतील. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले निदान माजघर पूर्ण कर, गणपती तिथेच बसतो. आता त्या एका खोलीचं वेगळं शेड्यूल करू की मोठ्यातच धरू?

जांभाकाका
मोठ्यातच, पण खोलीच्या ओळी वेगळ्या रंगात दाखव. फरशी, वायरिंग, दरवाजा, आणि रंगाच्या जागी तात्पुरता चुना. माजघराच्या डोक्यावर बाथरूम आहे का?

साईटवाला_देवगड
हो आहे.

जांभाकाका
मग त्याचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून टेस्ट माजघराच्या फरशीच्या आधी घे. आजच घाल चार्टात.